गर्दीचा पिक्चर अन् अमरावतीचे पाव्हने

...आता पोरगी पाहाची म्हनजे किती वेळा पाहाची, तुमीच सांगा ना बाप्पा! आपन बाजारातून बैल आनतो, थो बी दोनदा पायतो, एकदा दात अन् एकदा चाल, अन् मंग घेतो नाही तं सोडून देतो. अन् हे अमरावतीचे पाव्हने! चैताले पोरगी पाहाले आले, थे संक्रात लोटली तरी पाहूनच राहिले! वरून दर खेपेले जातानी दारात उभं राहून, काठी टेकून, काय म्हनाचं? "मुलगी पसंत आहे हो पंत, पण... एकदा अजून पाहू!"

अरे काय पाहू? काय राहिलं पाहाचं?

तुमाले सांगतो, पोरगी कोना ऐऱ्यागैऱ्याची नोती. आमच्या कमलाकांत वकीलसायबाची शैला. मी पंजाबराव, माहं वावर तिकडं बाळापूरच्या रस्त्याले, पन पोट्टे शिकाले पाह्यजे म्हनून अकोल्यात घर केलं, अन् माह्या अन् वकीलसायबाच्या घरात भीत एकच. मी काही कान लावून आयकत नाही. पन भीत मातीची, अन् वकीलसायबाचा आवाज कचेरीतला. थे हळू बोलले तरी जज्जाले आयकू जाते, मंग मले काहून नाही जानार?

अन् वकीलसायब मानूस कसा? तं साऱ्या सी.पी. अँड बेरारात असा शिस्तीचा मानूस नाही. सकाळी संध्या, दुपारी कचेरी, संध्याकाळी मोर्णेच्या पुलापावतर फिरनं. बोलपट म्हनसान तं जलमात पाहेल नोता. "पैसे देऊन रडायला कशाला जायचं? घरी रडा, मोकळ्या हवेत रडा," असं त्याइचं म्हननं. अन् अशा मानसाच्या नशिबी कोन यावं? उद्धवराव!

उद्धवराव म्हनजे अमरावतीचे, पेन्शनीतले हेडमास्तर. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, अन् चालनं असं का जसा आखा गाव वर्गात बसून हाय अन् आता कोनाले तरी उभं करतात. संगं पोरगा रविकांत. थो बी मास्तर, गनिताचा. पहिल्या खेपेले थो पोरगा आला अन् खुर्चीवर असा बसला का जसं कोनी त्याले फोटोसाठी बसवलं अन् फोटोवाला जेवाले निंगून गेला. शैलाकडं त्यानं एकडाव पाह्यलं म्हनतात. मंग कानाच्या पाळ्या लाल झाल्या, अन् त्याच्यानंतर थो निस्ता छताचे वासे मोजत होता.

तं चैतातला रईवार. पाव्हने अमरावतीहून बडनेऱ्याले आले अन् तिथून दुपारच्या गाडीनं अकोल्याले उतरले. सरोजिनीबाईनं, म्हनजे वकीलसायबिनीनं, पाटवड्याचा रस्सा, पुरन, कुरड्या, काही ठेवलं नाही. पाव्हने जेवले. हात धुतला. आता पोरगी बाहेर येईन म्हनून वकीलसायबानं घसा साफ केला, तं उद्धवराव टॉवेलाले हात पुसत इचारतात, "पंत, आज गर्दी कुठे आहे?"

वकीलसायब म्हने, "गर्दी? कापूसबाजार तर आता बंद आहे..."

"अहो, बोलपटाची गर्दी! आमच्या अमरावतीला चित्रपट येईपर्यंत शिळा होतो. माझं एक तत्त्व आहे पंत. आपल्याला काय आवडतं ते पाहायचंच नाही. त्या रविवारी जग जिथे लोटलंय, तिथे आपण जायचं. जग मूर्ख नसतं."

झालं! टांगा बलावला. टांगेवाला नत्थुजी. त्याले म्हनतात, "गर्दी जिथे असेल तिथे घे." अन् नत्थुजीले काय, घोड्याले बी रस्ता पाठ! पाव्हन्याले एकटं कसं सोडाचं, म्हनून वकीलसायब बी चढले. जलमात पहिल्यांदा थेटरात गेले, थे बी तिकिटं आपन काढून. घरी इकडं शैला नववारी नेसून, अंबाड्यात शेवंती खोवून बसली... तीन तास!

थ्या रईवारी अकोल्यात देवाचा पिक्चर जोरात होता. पतिव्रतेचा. बाया चपला भायेर काढून आत जात, अन् परद्यावर देव उभा राहिला का नारळ फुटत. उद्धवराव भिजलेल्या डोळ्यानं दिवेलागनीले परत आले, पाटावर बसले, शैला चहा घेऊन आली, तं पहिला सवाल काय? नाव नाही, शिक्षन नाही. म्हने, "मुली, नवऱ्यासाठी प्रत्यक्ष यमाशी वाद घालशील?"

शैला मान खाली घालून म्हने, "घालीन. बाबा वकील आहेत."

मी भितीइकडं असा हासलो का आमची घरवाली कौशल्या म्हने, तुमाले ठसका लागला का काय! उद्धवरावाले बी जवाब पसंत पडला. खूश होऊन उठले, दारात गेले, काठी टेकली... "मुलगी पसंत आहे हो पंत, पण एकदा अजून पाहू!"

बरं बाप्पा, म्हटलं, मोठी सोयरीक हाय, पाहा अजून एकडाव.

दुसऱ्या खेपेले बुढा एकटाच आला. पोराचे म्हने पेपर तपासाचे हायेत. आता पोरगी कोनाले कराची, पेपराले का बुढ्याले? पन वकीलसायबाचं काय चुकलं, थे आयका. त्याइले वाटलं, मागच्या डावाले पतिव्रता लागली, तं आता बी थेच लागन. शैलाकडून सोमवार, मंगळागौर, हरतालिका, सारं पाठ करून घेतलं. अन् थ्या रईवारी गर्दी कोठी? घोड्यावरच्या बाईच्या पिक्चरले! तोंडाले फडकं, कमरेले तलवार, आगगाडीच्या टपावरून पळते, धा-बारा मानसाले एकली लोळवते. पोट्टे थेटराच्या छपरावर चढले होते म्हनतात. उद्धवराव परत आले थे छाती फुगवून. शैला इकडं सोळा सोमवाराची कहानी मनात घोकून राहिली, अन् बुढा इचारते, "घोड्यावर बसता येतं का?"

 मंग आतून सरोजिनीबाई म्हने, "टांग्यात बसते."

"टांग्यात? हं... आजच्या काळात स्त्रीनं निर्भय पाहिजे पंत! तशी मुलगी पसंत आहे हो, पण... एकदा अजून पाहू!"

तवा वकीलसायबाच्या ध्यानात आलं का ह्या मानसाची सून दर रईवारी बदलते! जो पिक्चर गर्दी खेचन, तशी सून पाह्यजे! अन् हे काही अकोल्यापुरतं होतं काय? मुंबईपासून तं नागपूरपावतर साऱ्या मुलुखानं थ्या रईवारी ज्या बाईले डोक्यावर घेतलं, थेच बाई ह्याले वकीलसायबाच्या माजघरातून चहा घेऊन निंगाले पाह्यजे! सांगा, कोनत्या बापानं पुरं पडाचं?

श्रावनात रडाचा पिक्चर लागला. नायिकेले क्षय, ते खोकते, गाते, मंग खोकते, मंग मरते. थ्या दिवशी शैला घरात मिरचीची फोडनी देऊन राहिली होती, तशीच चहा घेऊन भायेर आली अन् लागली ना खोकलाले! वकीलसायबाचं तोंड पांढरं पडलं. म्हटलं, गेली सोयरीक. तं बुढ्याच्या डोळ्याले धारा! म्हने, "सोसते बिचारी... बोलत नाही... पंत, हिला रोज दूध देत जा." अन् उपरन्यानं नाक पुसत पुसत दारात... "पसंत आहे हो, पण..." पुढचं तुमीच म्हना. मले बी पाठ झालं अन् माह्या बैलाले बी.

आता गंमत आयका. सारा गाव पिक्चर पाहून राहिला. बुढा पाहून राहिला, बाप पाहून राहिला. पन शैला? तिनं एक बी पाह्यला नाही! वकीलसायबाचा हुकूम: "जिचं लग्न जुळतंय त्या मुलीनं थेटरात दिसू नये. लोक काय म्हणतील?" म्हनजे तिले पाहाले सारे येनार, तिनं काही पाहाचं नाही. रईवारी नत्थुजीचा टांगा निंघाला का ते खिडकीत उभी राहे, टांगा वळेपावतर. मंग येऊन कांदे चिरे. हे मी भितीतून आयकलं नाही, अंगनातून पाह्यलं. बोलली मातर नाही कधी. थ्या पोरीचं गप राहनंच मले पटत नोतं.

मंग वकीलसायबानं कायदा लढवला. शनिवारीच आपन जाचं, गर्दी पाहाची, पिक्चर पाहाचा, अन् रातच्या जेवनाआधी पोरीले तयार कराची! म्हनजे जो मानूस जलमात थेटरात गेला नोता, थो एकच पिक्चर शनिवारी पाहे अन् रईवारी पाव्हन्यासंगं पुन्हा पाहे, अन् वरून तोंड असं ठेवाचं का जसं आताच पाहून राहिलो!

दसऱ्याच्या मांगंपुढं गान्याचा पिक्चर लागला. नायिका झोपाळ्यावर बसून गाते अन् तिच्या गान्यानं घरातलं भांडन मिटते. शनिवारी संध्याकाळी भितीपल्याडून आवाज येतो, कचेरीतला, पन सुरात! मी म्हटलं, हे काय? सरोजिनीबाई म्हनून राहिल्या, "अहो हळू, पंजाबराव ऐकतील!" अन् वकीलसायब म्हने, "ऐकू देत! शैला, अशी मान वाकडी कर. आता डोळे मिट. सासूकडे बघून गा. मी सासू. गा!" पोरीनं गायलं. खोटं कायले सांगू, पोरीचा गळा गोड. तीनदा गायली, मी जेवाले बी उठलो नाही.

रईवारी बुढा आला. नत्थुजीले म्हने, "गर्दी कुठे?" अन् नत्थुजीनं घोडा वळवला थो सिधा दुसऱ्या थेटराकडं! काऊन? तं सकाळीच तिथं नवीन पिक्चर चढला अन् सारी दुनिया इकडची तिकडं गेली. वकीलसायब टांग्यात चुळबुळ करून राहिले, "उद्धवराव, त्या पलीकडच्यात सुद्धा बरी गर्दी आहे हं..." पन बुढा आयकन तं हेडमास्तर कसला?

अन् थ्या नवीन पिक्चरमंधी काय होतं? एक गानारी बाई! ते एका भल्या घरात येते, अन् गाऊन गाऊन घराचं पार वाटोळं करते! अन् ज्याचं वाटोळं होते, थो कोन? हेडमास्तर!

आता वकीलसायब मंधात बसलेले. घरी निरोप कसा धाडाचा? पोरगी तिकडं झोपाळ्याचं गानं घोकून राहिली. दिवेलागनी झाली, बुढा लाल डोळ्यानं पाटावर बसला, शैला आली, कप ठेवला, मान वाकडी केली, डोळे मिटले... वकीलसायब हातानं खुना करून राहिले, "नको, नको"... पन मिटल्या डोळ्याले खुना कशा दिसन? पोरीनं सूर लावला!

बुढा पाटावरून उठला ना! "गाते? ही गाते? पंत, हे तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतं!"

वकीलसायबानं जलमात एवढा मोठा खटला लढला नसन. म्हने हे भजन होतं, म्हने हे आजच शिकली, म्हने उद्यापासून बंद. अर्धा घंटा बोलले. शेवटी बुढा दारात गेला, काठी टेकली, इच्यार केला, अन्... "तशी पसंत आहे हो. पण आता मात्र एकदा अजून पाहिलंच पाहिजे!"

थ्या दिवशी शैला जेवली नाही. अन् दुसऱ्या दिवसापासून तिच्या गान्याचा आवाज भितीतून येनं बंद झालं. आता मी काही कोनाच्या घरात बोलनारा मानूस नाही. पन घर सुनं वाटे, बस.

दिवाळीनंतर कापूस बाजारात आला. तेल्हाऱ्याकडच्या, बाळापूरकडच्या गाड्या रांगेनं येत, कापूस इकला का लोकं बैल सोडत अन् पिक्चरले जात. नुस्ती गर्दी! अन् उद्धवरावाचं काय मंग, दर दुसऱ्या रईवारी हजर! थ्यातच नागपूरचं एक चांगलं स्थळ शैलाले सांगून आलं. वकीलसायबानं कळवलं, आमचं अमरावतीले जवळपास ठरलं हाय. जवळपास! नागपूरवाल्यानं संक्रातीच्या आत दुसरीकडं लगन लावून टाकलं. हे कळलं तवा सरोजिनीबाई पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. भितीची गरजच पडली नाही.

"मुलगी आहे माझी, बोलपट नाही! दर रविवारी लावायचा, पाहायचा, आणि वर म्हणायचं चांगला होता!"

वकीलसायब म्हने, "अगं, पण ते पसंत आहे म्हणतात ना..."

"कोण पसंत आहे? तुमच्या पोरीला त्यांनी पाहिलंय का कधी?"

वकीलसायब टोपी घालून मोर्णेच्या पुलाकडं निंगून गेले. 

मंग संक्रातीनंतरचा रईवार. वकीलसायब पाव्हन्याले घ्याले ठेसनावर गेले. थ्या दिवशी रविकांत बी आला होता. तिघं नत्थुजीच्या टांग्यातून उतरतात, तं दाराले हे मोठं कुलूप! मी भायेर आलो. म्हटलं, "वकीलसायब, किल्ली माह्यापाशी हाय. बाई म्हने, आमी मायलेकी पिक्चरले चाललो. पिठलं-भाकर शिक्यावर झाकून हाय."

 बुढ्यानं टोपी सरळ केली. मले वाटलं, आता फुटन ज्वालामुखी. तं बुढा म्हने, "कोणत्या?"

म्हटलं, "गर्दीच्या."

"मग बरोबर आहे," म्हने. "चला!"

चला तं चला. मी बी गेलो. काऊन गेलो म्हनसान, तं किल्ली माह्यापाशी होती ना!

हासाचा पिक्चर होता थो. जागा नाही. आमाले पार परद्याजवळ बाकड्यावर बसवलं. बायाची जागा बाजूले, मंधात कनातीचा परदा. पिक्चर सुरू झाला, अन् लोकं असे हासून राहिले का बोलनं आयकू येईना. बुढा हासला, मी हासलो, थो गनिताचा पोरगा बी हासला. वकीलसायब हासले नाहीत. थे कनातीकडं पाहून राहिले होते.

मधली सुट्टी झाली. दिवे लागले. गरमी व्हाले लागली म्हनून बायाइनं कनात बाजूले सारली. तिथं एक पोरगी उभी होती. पदर खांद्यावर, ओंजळीत भुईमुंगाच्या शेंगा, अन् शेजारच्या बायाइले पिक्चरमधल्या त्या जाड्या सावकाराची नक्कल करून दाखवून राहिली होती, पोट पुढं काढून, काठी टेकून! आखी बायाइची रांग लोटपोट. अन् ते सोता बी हासे, मान वर करून, सारे दात दाखवून.

उद्धवराव चष्मा पुसून पाहाले लागले. मंग वकीलसायबाच्या मांडीवर हात मारून म्हनतात, "पंत, ती मुलगी कोण हो? काय चुणचुणीत आहे! अशी पाहिजे आपल्या रविकांताला. तुमच्या ओळखीतली आहे का?"

तुमाले सांगतो, मले हासू यावं का रडू, कळेना. वकीलसायबानं बुढ्याकडं पाह्यलं, पोरीकडं पाह्यलं, अन् लय हळू, कचेरीतला आवाज नाही, भितीतून बी मले आयकू आला नसता असा आवाज, म्हने, "माझी आहे."

"तुमची? मग हिला आधी का नाही दाखवलंत?"

तवा थो गनिताचा पोरगा, जो वरीसभर बोलला नोता, थो बोलला. म्हने, "बाबा, ही तीच आहे. मी चैत्रातच हो म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी गर्दीचं पाहू."

बुढा एवढा मोठा हेडमास्तर, पन वर्गात पाठ न आलेल्या पोट्ट्यासारखा काठीच्या मुठीकडं पाहात बसला. अन् जागेवरच, शेंगाच्या टरफलात, दोन्ही हात जोडून म्हने, "पंत, पसंत. आता काही पाहायचं नाही."

वकीलसायब उठले अन् सिधे कनातीपाशी गेले. शैला बापाले पाहून पदर सावरू लागली, तं म्हने, "राहू दे. शैला, ते हो म्हणतात. तू काय म्हणतेस?"

शैलानं बाकड्याकडं पाह्यलं. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल. तिनं एक शेंग फोडली, दाने तोंडात टाकले, अन् म्हने, "मुलगा पसंत आहे बाबा. पण... एकदा अजून पाहू!"

अन् पाह्यला बरं! दोन रईवार त्याले अमरावतीहून बलावलं. त्याले पोहे देले, गनित घातलं नाही, पन इचारलं का, रईवारी मले पिक्चरले नेसान का? अन् गाऊ देसान का? थो म्हने, नेईन. अन् गाण्याचं म्हने, मला ऐकायला आवडेल. तवा कुठं तिनं मान हालवली. वैशाखात लगन लागलं. मी पंगतीत वाढलं. जातानी शैला रडली नाही, वकीलसायब रडले, अन् मोकळ्या हवेत रडले.

तुमी म्हनसान, झालं ना मंग चांगलं, कायले कुरकुर करता पंजाबराव? अरे बाप्पा, आता आयका. पोरगी गेली, रईवार मोकळा झाला, अन् वकीलसायबाले घरी करमेना. म्हने, मुलीला पाहून येतो. गेले अमरावतीले. ठेसनावर उद्धवराव उभे! "पंत, थेट चला, आज काय गर्दी आहे म्हणून सांगू!" सामान टांग्यात, टांगा थेटरात. शैला अन् तिची सासू आधीच जाऊन बायाच्या जागेत बसलेल्या. रविकांत इकडं. पिक्चर सुटला का गर्दीत कोन कोठी, अन् इकडं परतीच्या गाडीची वेळ! पुढच्या खेपेले बी थेच. त्याच्या पुढच्या बी थेच.

परवा असेच परत आले. सरोजिनीबाई दारातच उभ्या. "कशी आहे हो शैला? वाळली का? अंगानं भरली का? काय नेसली होती?"

वकीलसायबानं टोपी काढली, खुंटीले लावली, अन् म्हने,

"हसते छान. बाकी काय सांगू... अंधार होता."